ऑल-टेरेन की विंटर? कॅल्गरीतल्या पिकअपसाठी टायर निवडताना

कॅनडातल्या कॅल्गरीत जुना पिकअप ट्रक घेतला की त्याच्यावर बहुतेक वेळा ऑल-टेरेन, म्हणजे डांबरापासून खडी-चिखलापर्यंत सगळीकडे चालणारे, टायर चढवलेलेच असतात. रबराचे जाडजूड ठोकळे, बाजूला उठावदार अक्षरं आणि त्यांच्याजवळ तीन शिखरांचा डोंगर व आत हिमकण असं छोटंसं चिन्ह. विकणारा त्या चिन्हावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हिवाळ्याची काळजी मिटली. तो खोटं बोलत नसतो. पण हिवाळ्यात सगळ्यात जास्त गरज पडते ती बर्फावर, म्हणजे पाणी गोठून झालेल्या कडक थरावर, थांबण्याची, आणि नेमकी तिचीच हमी ते चिन्ह देत नाही.

पुण्या-मुंबईत टायरचा एकच संच बारा महिने चालतो, त्यामुळे नव्याने इकडे आलेल्यांना दुसरा संच ही चैन वाटते. माझ्या फोर्ड एफ-१५० पिकअपसाठी ही निवड करताना जे तपासलं, मोजलं आणि शेवटी केलं, ते क्रमाने लिहितो. टायरची साइज २७५/६५ आर १८ (रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंची). वापर म्हणाल तर रोज शहरात, सुट्टीला कॅनमोर-बॅन्फ, आणि हिवाळ्यात अधूनमधून रॉजर्स पासचा घाट ओलांडून रेव्हेलस्टोकपर्यंत.

आधी चिन्हाबद्दल. टायरवरची एम+एस (मड अँड स्नो) ही अक्षरं फक्त नक्षीच्या रचनेवर मिळतात. खाचा किती रुंद, कुठवर गेलेल्या, एवढंच त्यात पाहिलं जातं; टायर स्नोवर, म्हणजे पडलेल्या हिमावर, चालवून बघावाच लागत नाही. डोंगर-हिमकण चिन्ह १९९९पासून वापरात आलं आणि त्यासाठी खरी चाचणी होते. दाबून बसलेल्या स्नोवर टायर पुढे ओढताना किती पकड देतो ते मोजतात, आणि ठरवून दिलेल्या साध्या संदर्भ-टायरपेक्षा ती सुमारे १० टक्के जास्त भरली की चिन्ह मिळतं. चाचणी पुढे जाण्याची आहे, थांबण्याची नाही. पृष्ठभाग स्नोचा आहे, बर्फाचा नाही. बीएफगुडरिच केओ२, फाल्कन वाइल्डपीक, टोयो ओपन कंट्री एटी ३ या ऑल-टेरेन टायरांवर हे चिन्ह आहे, आणि ब्रिजस्टोन ब्लिझॅक किंवा नोकियन हक्कापेलिट्टावरही आहे. किमान पात्रतेचा उंबरठा दोघांनी ओलांडलाय, इतकंच त्यावरून कळतं. कोण किती पुढे गेलाय हे त्या चिन्हात दिसत नाही.

खरा फरक रबरात आहे. ऑल-टेरेनचं रबर खडीवर चिरू नये, ठोकळ्यांचे तुकडे उडू नयेत म्हणून मुद्दाम चिवट आणि कडक ठेवलेलं असतं. तापमान ७ अंशांच्या खाली जायला लागलं की ते आणखी ताठर होतं, आणि उणे २०ला त्याचा ठोकळा रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरायचंच बंद करतो. विंटर टायरच्या रबरात सिलिका जास्त, आणि मिश्रण असं की खूप खालच्या तापमानापर्यंत ते लवचीक राहतं. दुकानात दोन्ही टायर शेजारी असतील तर ठोकळ्यात नख रुतवून बघा. पण हे दुकानाबाहेर, थंडीत उभ्या असलेल्या गाड्यांवर बघितलं तर जास्त कळतं: विंटर टायरचा ठोकळा अंगठ्याने वाकतो, ऑल-टेरेनचा जागचा हलत नाही.

दुसरा फरक साइप्सचा, म्हणजे ठोकळ्यांवर पात्याने कापल्यासारख्या बारीक चिरांचा. शून्याच्या आसपास बर्फावर टायरच्या घर्षणाने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि पकड जाते ती त्या थरामुळे. साइप्सच्या कडा तो थर पुसतात आणि चिरांमध्ये ओढून घेतात. विंटर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर अशा नागमोडी चिरांच्या ओळीच्या ओळी असतात. ऑल-टेरेनवरही साइप्स असतात, पण ठोकळा मोठा आणि चिरा मोजक्या. शिवाय बऱ्याच नक्षींमध्ये त्या पूर्ण खोलीपर्यंत जात नाहीत. टायर निम्मा झिजला की त्यातल्या काही नाहीशाच होतात. म्हणूनच नवा ऑल-टेरेन पहिल्या हिवाळ्यात बरा वाटतो आणि तिसऱ्या हिवाळ्यात, भरपूर नक्षी शिल्लक दिसत असूनही, सिग्नलवर घसरतो.

याचा रस्त्यावर काय अर्थ होतो ते आकड्यांत पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. ओलसर बर्फावर घर्षणांक ०.१ धरला तर चाकांना ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत ९८ मीटर लागतात. तोच ०.१५ झाला तर ६६ मीटर. फरक नुसता ३२ मीटरचा नाही. ०.१५वाला ट्रक ६६ मीटरवर उभा राहिला त्या जागी ०.१वाला अजून ताशी २९ किलोमीटरने पुढे चाललेला असतो, आणि समोर लाल दिव्याला थांबलेली गाडी असते. हे शाळेतलं साधं गणित आहे, कुठल्या विशिष्ट टायरचं मोजमाप नाही. पण घर्षणांकातला इतका छोटा बदल किती मोठा ठरतो हे यातून दिसतं, आणि मऊ रबर व दाट साइप्स यांचं सगळं काम या छोट्या बदलापुरतंच असतं.

फोर-व्हील ड्राइव्हचा इथे काही उपयोग नाही. ती इंजिनाची ताकद चार चाकांना वाटते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. उलट चारही चाकं ओढत असली की ट्रक निघतो इतका सहज की खालचा रस्ता किती निसरडा आहे ते चालकाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर. ऑल-टेरेन आणि फोर-व्हील ड्राइव्ह ही जोडी मला सगळ्यात फसवी वाटते.

आता कॅल्गरीचा हिवाळा. इथे स्नो फार साचून राहत नाही. रॉकीज पर्वतावरून चिनूक हा उबदार वारा उतरला की काही तासांत उणे २०चं तापमान शून्याच्या वर जातं, दिवसा सगळं वितळतं आणि रात्री पुन्हा गोठतं. चौकाचौकांत थांबणाऱ्या आणि निघणाऱ्या चाकांनी तो बर्फ घासून घासून गुळगुळीत होतो. म्हणजे शहरात टायरखाली जे येतं ते एक तर कोरडं थंड डांबर, नाहीतर पॉलिश केलेला बर्फ. खोल स्नो येतो तो वादळाच्या दिवशी, नाहीतर आतल्या गल्ल्यांत. बॅन्फकडे जाताना ट्रान्स-कॅनडा हायवेवर स्नो बाजूला सारणारे नांगर फिरलेले असतात आणि उरतो तो दाबलेला पातळ थर. माझ्या वापरातला मोठा हिस्सा बर्फ, डांबर आणि दाबलेला स्नो यांचा निघाला, आणि निर्णयाचं पारडं तिथेच विंटर टायरकडे झुकलं.

ऑल-टेरेन हिवाळ्यात निरुपयोगी आहे असं मात्र अजिबात नाही. फूटभर भुसभुशीत स्नो, वितळलेला चिखलमिश्रित लगदा, नांगर न फिरलेला शेतरस्ता, खडीवर गोठलेली चाकोरी, अशा ठिकाणी त्याच्या रुंद खाचा आणि मजबूत बाजू कामाला येतात. तिथे दाट साइप्सचा विंटर टायर स्नोने भरून जातो आणि धारदार खडीवर त्याचे कोपरे लवकर खाल्ले जातात. ज्याचं घर ग्रामीण अल्बर्टात आहे, रोजचा रस्ता खडीचा आहे आणि वेग कमी आहे, त्याने चिन्हवाला ऑल-टेरेन बाराही महिने ठेवला तर त्याला चूक म्हणता येणार नाही. आणि अशा वापरातही हायवेवरचं येणं-जाणं बरंच असेल तर त्याहून चांगला पर्याय म्हणजे एलटी (लाइट ट्रक) बांधणीचा विंटर टायर: नोकियन हक्कापेलिट्टा एलटी३, जनरल ग्रॅबर आर्क्टिक एलटी, फायरस्टोन विंटरफोर्स एलटी. हे जड भार वाहणाऱ्या पिकअपसाठीच बनवलेले आहेत.

कायदा थोडक्यात. अल्बर्टात शहरात विंटर टायरची सक्ती नाही. आइसफील्ड्स पार्कवे या डोंगरी हायवेवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल स्नो टायर किंवा साखळ्या लागतात. किकिंग हॉर्स पासच्या पलीकडे ब्रिटिश कोलंबिया सुरू झालं की १ ऑक्टोबरपासून ठरलेल्या हायवेंवर एम+एस किंवा डोंगर-हिमकण यांपैकी एक आणि किमान ३.५ मिलिमीटर नक्षी हवी. घाटांच्या रस्त्यांवर हे ३० एप्रिलपर्यंत. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे आणि तिथे नुसतं एम+एस चालत नाही. म्हणजे रॉजर्स पासला ऑल-टेरेनवर दंड होणार नाही. पण कायद्यातले ३.५ मिलिमीटर मी पुरेसे धरत नाही. ट्रान्सपोर्ट कॅनडाही ४ मिलिमीटरच्या आसपास आलेला टायर स्नोवर वापरू नका असंच सांगतं.

साइज ठरवताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो पी (पॅसेंजर, म्हणजे साध्या गाडीची बांधणी) आणि एलटीच्या गोंधळात. माझ्या ट्रकवर मूळचा टायर पी-मेट्रिक, भारांक ११६, म्हणजे एका टायरला १२५० किलो. पण पी-मेट्रिक टायर ट्रकवर लावला की तो आकडा १.१०ने भागायचा असतो. उरतात ११३६ किलो. त्याच साइजचा एलटी, लोड रेंज ई (जास्त भाराचा वर्ग) घेतला तर भारांक १२३, म्हणजे १५५० किलो, पण तो ८० पीएसआय हवेला. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचे ३५ पीएसआय एलटीत भरले तर तो मूळ टायरइतका भारही पेलत नाही. ती बरोबरी साधायला सुमारे ५० पीएसआय लागतात. दुकानदार बरेचदा स्टिकर बघून ३५च भरून देतो, म्हणून हे आपणच सांगायचं. ट्रेलर ओढायचा नसेल, मागे जड माल नसेल, तर पी-मेट्रिक किंवा एसयूव्ही बांधणीचा विंटर टायर जास्त चांगला. बाजूच्या भिंती मऊ असल्याने रस्त्यावर नीट बसतो आणि बर्फावर फरक जाणवतो. ब्लिझॅक डीएम-व्ही२ आणि मिशेलिन एक्स-आइस स्नो एसयूव्ही हे याच गटातले. दर हिवाळ्यात स्नोमोबाइलचा ट्रेलर ओढणाऱ्याने मात्र एलटीच घ्यावा.

मूळची चाकं २० इंची असतील तर हिवाळ्यासाठी १८ इंची रिम घेतलेली बरी. २७५/५५ आर २०चा व्यास ८१०.५ मिलिमीटर, २७५/६५ आर १८चा ८१४.७, स्पीडोमीटरला फरक कळतही नाही. बाजूची भिंत उंच मिळते, खड्ड्यात रिम वाचते आणि टायर स्वस्त पडतो. रिम घेताना एफ-१५०ला सहा बोल्ट, १३५ मिलिमीटरचं वर्तुळ आणि ८७.१ मिलिमीटरचं मधलं भोक लागतं. भोक मोठं असेल तर सेंटरिंग रिंग बसवावी, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी ते जात नाही.

वेगळी रिम हा खर्च वाटतो, पण मी तो टाळायला सांगणार नाही. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवले-चढवले की प्रत्येक वेळी कडेच्या तारेवर ताण येतो, रिमच्या कडेवर ओरखडे पडतात, त्यात मीठ शिरतं आणि मग हवा हळूहळू निसटू लागते. शिवाय दोन्ही वेळची मजुरी. काही हिवाळ्यांत साध्या स्टीलच्या रिमचे पैसे त्या मजुरीतूनच निघतात. टायरांचंही तसंच: विंटर संच रस्त्यावर असतो तेव्हा ऑल-टेरेन झिजत नसतो. खर्च दुप्पट होत नाही, आधी भरावा लागतो.

खिळेवाल्या टायरला अल्बर्टात परवानगी आहे, ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. दक्षिण ऑन्टॅरिओत मनाई आहे, हे तिकडे ट्रक घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शून्याजवळच्या ओल्या बर्फावर खिळ्यांना तोड नाही. पण खिळे नव्या टायरलाच बसवता येतात. चालवलेल्या टायरच्या भोकांत माती-खडी बसलेली असते आणि खिळा धरत नाही. बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवावं, कचकन ब्रेक किंवा एकदम वेग घेणं नको. कॅल्गरीत हिवाळ्यातले कितीतरी दिवस रस्ता कोरडा असतो, तेव्हा खिळ्यांचा आवाज आणि डांबरावर कमी झालेली पकड दोन्ही सोसावं लागतं. म्हणून मी बिनखिळ्यांचा संच घेतला.

ऑर्डर सप्टेंबरमध्ये द्यावी. पहिला स्नो पडला की सगळं शहर एकदम टायरच्या दुकानात उभं राहतं आणि पिकअपच्या साइज आधी संपतात. टायर हातात आला की बाजूच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावे: ३५२४ म्हणजे २०२४चा ३५वा आठवडा. विंटर टायरचा जीव त्याच्या मऊपणात असतो आणि तो पडून राहूनही कमी होतो, त्यामुळे सवलतीतला जुना माल घेण्यात अर्थ नाही. संच चारचाच घ्यायचा. मागे दोन विंटर आणि पुढे ऑल-टेरेन असं केलं की ब्रेक मारल्यावर पुढची चाकं वळणं सोडून देतात. उलट केलं तर मागचा भाग फिरतो. आणि व्यासात फरक असलेल्या चार चाकांनी फोर-व्हील ड्राइव्हच्या ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) जो ताण येतो तो वेगळाच.

चढवण्याचं काम घरीच होतं. ट्रक सपाट जागी, चाकाला अडसर, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल, मग जॅक. पाना २१ मिलिमीटरचा. बऱ्याच ट्रकांवर नट दोन तुकड्यांचे असतात, आतला लोखंडी आणि वर चकचकीत पत्र्याची टोपी. टोपीखाली पाणी आणि मीठ शिरून गंज धरला की टोपी फुगते आणि २१चा सॉकेट बसतच नाही. रस्त्याच्या कडेला, उणे २५ अंशांत चाक पंक्चर झाल्यावर हे कळण्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच सगळे नट एकसंध स्टीलचे करून टाकावे. माझ्या ट्रकवर धागा एम१४ x १.५, शंकूसारखी बैठक.

चाक निघत नसेल तर ते गंजाने हबला, म्हणजे ज्यावर ते बसतं त्या भागाला, चिकटलेलं असतं. टायरच्या आतल्या बाजूला रबरी हातोडीचे ठोके द्यावे, चाक थोडं थोडं फिरवत. निघालं की हबचा सपाट चेहरा आणि मधल्या भोकाची कड तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायची. याला आळस करू नये. तिथे राहिलेली गंजाची पापडी पहिल्या काही दिवसांत चुरगळते, चाक सैल बसतं आणि टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा जोर, उतरतो. हबच्या कडेला हवं तर अँटी-सीझचं (गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचं) अगदी पातळ बोट लावावं, पण बोल्टच्या धाग्यांना तेल किंवा ग्रीस नको. धागे ओलसर असले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. नट हाताने बसवून, आडवे-तिडवे ताऱ्याच्या क्रमाने आवळायचे आणि ट्रक खाली आणून टॉर्क पान्याने २०४ न्यूटन-मीटर, म्हणजे १५० फूट-पौंड द्यायचे. साधारण १०० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढे फिरतोय ना, हे चाक चढवण्याआधी बघावं.

हवेचा सेन्सर दुसऱ्या रिममध्ये नसला तर कॅनडात कायद्याची अडचण नाही, फक्त डॅशबोर्डवर दिवा जळत राहतो. मी सेन्सर बसवायलाच सांगेन, कारण हिवाळ्यात टायरमधला हवेचा दाब सतत बदलतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेले ३५ पीएसआय बाहेर उणे ३०ला सुमारे २७ दाखवतात. टायर पंक्चर नसतो, आतली हवा आकसलेली असते. हवा बाहेर उभ्या, थंड टायरला मोजायची आणि स्टिकरवरच्या आकड्याला आणायची (एलटी असेल तर वर सांगितलेल्या ५० पीएसआयच्या आसपास). चिनूक आला की दोन-चार पीएसआय चढलेले दिसतील, ते लगेच काढत बसू नये. पकड वाढेल म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवणं बर्फावर उपयोगाचं नाही. ठोकळे दुमडतात आणि साइप्स मिटतात. पंपाजवळ व्हॉल्व्हच्या टोप्या मात्र जपाव्या. टोपी नसली की व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठतं आणि हवा भरल्यावर तो नीट बंद होत नाही.

रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, म्हणून वाळूच्या पिशव्यांचं १०० ते १५० किलो वजन मागच्या एक्सलच्या बरोबर वर ठेवावं, टेलगेटजवळ नाही. टेलगेटला ठेवलं की पुढची चाकं हलकी होतात. पिशव्या पट्ट्याने बांधाव्या. जोरात ब्रेक लागला की सुटी पिशवी थेट केबिनच्या मागच्या भिंतीवर जाते. हीच वाळू अडकलेल्या चाकाखाली टाकायलाही येते.

उतरवायची वेळ कॅल्गरीत एप्रिलअखेर ते मेचा मध्य. घाई केली तर मेमधला स्नो गाठतो, उशीर केला तर मऊ रबर गरम डांबरावर भराभर झिजतं आणि कोरड्या रस्त्यावर थांबायलाही जास्त अंतर घेतं. उतरवताना प्रत्येक चाकावर आतून खडूने जागा लिहावी, पुढचं डावं, मागचं उजवं, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुढची-मागची अदलाबदल करता येते. धुऊन, वाळवून, पिशवीत घालून, रिमसकट एकावर एक आडवी रचावी. फर्नेस आणि इलेक्ट्रिक मोटरपासून लांब, कारण मोटरच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.

रचण्याआधी नक्षीची खोली तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवावी. ब्लिझॅकसारख्या टायरमध्ये बर्फासाठीचं खास सच्छिद्र रबर वरच्या साधारण निम्म्या थरातच असतं. तो संपला की टायर गोटा झालेला नसतो, पण बर्फावरचं त्याचं वेगळेपण संपलेलं असतं. ६ मिलिमीटर उरले असतील तर आणखी एक हिवाळा निघेल. ४च्या जवळ आले असतील तर नव्या संचाची ऑर्डर सप्टेंबरच्या यादीत टाकायची, आणि उरलेली नक्षी मे-जूनमध्ये झिजवून टाकायची.